बर्गर शुक्रवारी, शिक्षा रविवारपर्यंत : वजन उतरवताना येणाऱ्या अपराधीपणाचं एक प्रकरण

हे गृहस्थ ३६ वर्षांचे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला इंदिरानगरला. घरी आई, पत्नी आणि प्राथमिक शाळेत जाणारी मुलगी. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना काय खावं हे बऱ्यापैकी माहीत असतं. त्यांना छळत असतं ते खाऊन झाल्यावर मनात सुरू होणारं. त्याचा वजनाशी थेट संबंध असतो, हे या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसलं तितकं क्वचितच दिसतं.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन ९४ किलो, उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साडेबत्तीस. भारतीयांसाठी २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पण ते घाबरले ते आकड्यांमुळे नाही. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता आणि शेवटची काही वर्षं डायलिसिसवर गेली. हॉस्पिटलच्या त्या फेऱ्या यांनीच केल्या होत्या. त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यांना आपल्या मुलीचा चेहरा दिसला, असं ते म्हणाले. पुढचं सगळं समजून घेताना हे विसरून चालणार नाही. ज्याला बर्गर खाल्ल्यावर आपण मुलीला फसवलं असं वाटतं, त्याला 'एवढं काय त्यात' म्हणणं त्याच्या भीतीचा अपमान आहे.

जिममधल्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर १२०० कॅलरींचा तक्ता पाठवला आणि त्यांनी तो मनापासून पाळला. तीन महिन्यांत ९४ चे ८७ झाले. मग काटा जागचा हलेना. जवळपास अडीच महिने तो ८६.५ ते ८८ मध्येच फिरत राहिला. माझ्याकडे आले ते स्वतःवरच निकाल देऊन : "मॅडम, माझा जिभेवर ताबा नाही. तुम्ही अजून कडक डाएट द्या."

कडक काही दिलं नाही. दोन आठवडे फक्त नोंद ठेवायला सांगितली : काय, किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, आणि खाण्याच्या आधी व नंतर मनात काय आलं. खाण्यात काहीही बदलायचं नाही, ही अट घातली.

वही आली. सोमवार ते गुरुवारची पानं नीटनेटकी. शुक्रवारपासून पुढे लाल पेनाने गोल केलेले.

शुक्रवार ते रविवार

त्यांची दुसरी पाळी. दुपारी तीनला आत, रात्री साडेअकराला बाहेर. निघण्याआधी दोन फुलके, भाजी, काकडी. कॅन्टीनमधला समोसा निग्रहाने नाकारायचा. घरी आल्यावर थोडं जेवण. म्हणजे दुपारी दोन ते रात्री पावणेबारा या वेळात पोटात दोन-तीन कप चहा, आणि कुणी पुढे केली तर दोन बिस्किटं. दिवसभर मशीनवर उभा असलेला, ८७ किलोचा माणूस. चार दिवस हे निभायचं. शुक्रवारी रात्री पाथर्डी फाट्याजवळ उघडं दुकान दिसलं की गाडी आपोआप वळायची. बर्गर, फ्राईज, कोला. दुकानात बसायचं नाही, गाडीतच, काच वर करून. कागद आणि कप वाटेतल्या कचरापेटीत.

घरी पत्नी ताट वाढून थांबलेली असायची. जेवून आलो म्हणायची सोय नव्हती, कारण मग कुठे आणि काय ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते परत जेवायचे. वहीत त्या जेवणापुढे लिहिलं होतं : "भूक नव्हती. तिला कळू नये म्हणून."

शनिवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं. सव्वा किलो वाढ. त्याची शिक्षा म्हणून नाश्ता नाही, दुपारचं जेवण नाही, नुसता कोरा चहा आणि जॉगिंग ट्रॅकवर दमेपर्यंत चालणं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला हात थरथरायला लागले की ट्रॅकबाहेरच्या गाडीवर उभ्याउभ्या दोन वडापाव. आणि मग वहीत दोन्ही शनिवारी आलेलं तेच वाक्य : "नाहीतरी आज मोडलंच आहे." त्यानंतर डब्यातला चिवडा, मुलीने ठेवलेले नूडल्स, पोटभर जेवण, फ्रीजमधले गुलाबजाम.

रविवारी सकाळी मित्रांबरोबर गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ. नाशिकमध्ये रविवारची मिसळ हा नुसता नाश्ता नाही. आठवडाभर वेगवेगळ्या पाळ्यांत विखुरलेले मित्र त्या एका टेबलावर भेटतात. पण यांच्यासाठी ती दर रविवारी 'शेवटची मिसळ' होती, कारण सोमवारपासून कडक सुरू करायचं होतं. शेवटची म्हणून चार पाव, शेवटची म्हणून वर जिलेबी, रात्री शेवटचं आइस्क्रीम. उद्यापासून मिळणार नाही असं ठरवलं की आजचा घास मोठा होतो. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, त्यांची एकादशी सोमवारी सुरू व्हायची आणि दुप्पट खाणं आदल्या दिवशीच उरकलं जायचं.

हिशेब

आम्ही दोघांनी वही समोर ठेवून गणित केलं. आकडे अंदाजाचेच, पण दिशा स्पष्ट करणारे. त्यांच्या शरीराला आणि कामाला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात. तक्ता १२०० चा असला, तरी साखरेचे चहा, बिस्किटं आणि मुलीच्या ताटातलं उरलेलं धरून सोमवार ते गुरुवार प्रत्यक्षात १७०० च्या आसपास जात होत्या. म्हणजे रोज ७०० ची घट. हेच सातही दिवस चाललं असतं तर आठवड्याला ४९०० ची घट झाली असती.

प्रत्यक्षात शुक्रवारी २६००, शनिवारी ३३००, रविवारी ३७००. आठवड्याची निव्वळ घट उरत होती ४०० ची. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. ४०० म्हणजे जेमतेम पन्नास ग्रॅम. काटा हलत नव्हता तो यामुळे.

आता यात बर्गरचा वाटा किती? बर्गर, फ्राईज आणि कोला मिळून सुमारे ८००. रात्रीच्या ५०० च्या जेवणाऐवजी हे खाल्लं असतं तर जादा गेल्या असत्या ३००. वाया गेलेल्या ४५०० पैकी ३००. बाकीचं सगळं लपवण्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या जेवणातून, शनिवारच्या उपाशीपणातून आणि 'सोमवारपासून'मधून आलेलं. बर्गर खाऊन ते सरळ झोपले असते, शनिवारी वेळेवर नाश्ता केला असता, तर त्याच आठवड्यात अर्धा किलोहून जास्त उतरलं असतं.

ते बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी बर्गरपेक्षा माफीच जास्त खाल्ली."

सव्वा किलोचंही बोललो. एका रात्रीत सव्वा किलो चरबी चढायला नऊ हजारांवर कॅलरी जादा जाव्या लागतील. ते काट्यावर बघत होते ते पाणी होतं. चार दिवस कमी खाल्ल्याने यकृत आणि स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, खाली आलेला असतो. मैदा-बटाटा पोटात गेला की तो भरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर फ्राईजचं मीठ, आणि आतड्यात असलेलं अन्न. दोन-तीन दिवसांत हे उतरतं. पण शनिवारी सकाळी तो आकडा पुरावा म्हणून समोर यायचा आणि शिक्षा सुरू व्हायची.

"अपराधी वाटलं नाही तर मी सुटेनच"

इथे ते अडले. त्यांचं म्हणणं असं, की हे वाईट वाटणंच मला धरून ठेवतंय. ते गेलं तर मी रोज बर्गर खाईन. आमच्या सगळ्या भेटींत सर्वांत जास्त वेळ या एका भीतीवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं की चुकीची बोच नसेल तर माणूस सुधारत नाही.

मी वहीच परत उघडायला सांगितली. खाण्याच्या आधी काय वाटलं, या रकान्यात शुक्रवारी काय आहे? "भूक." "डोकं दुखतंय." "आठवडा संपला." अपराधीपणाचा एक शब्द नाही. तो प्रत्येक वेळी खाऊन झाल्यावर आलेला. ज्या क्षणी त्याने थांबवायचं, त्या क्षणी तो हजरच नव्हता. आणि आल्यावर त्याने काय केलं, तर खोटं बोलायला लावलं, उपाशी ठेवलं आणि संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी नेऊन उभं केलं.

या चक्राचा अभ्यास झालेला आहे. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर आइस्क्रीम पुढे ठेवलं. इतर लोकांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. लगामवाल्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला थांबायचं? 'नाहीतरी आज मोडलंच आहे' हे वाक्य नाशिकच्या एका सुपरवायझरचं एकट्याचं नाही. न्यूझीलंडमधल्या रोलिन कायर आणि जेसिका बॉइस यांचा २०१४ चा अभ्यासही त्यांना सांगितला. चॉकलेट केक म्हटल्यावर ज्यांच्या मनात आधी अपराधीपणा येतो, त्यांना दीड वर्षाच्या काळात वजन टिकवणं केकशी आनंद जोडणाऱ्यांपेक्षा कमी जमलं. बोच असलेले लोक अधिक शिस्तीचे निघाले नाहीत.

उपाशी राहण्याचं वेगळं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. त्यांना रोज मिळत होत्या साधारण १५७० कॅलरी. आमच्या गृहस्थांच्या मूळ तक्त्यात त्याहून कमी होत्या. तेव्हा शुक्रवारी रात्री गाडी वळते ती स्वभाव कमकुवत म्हणून नाही. नऊ तास रिकामं असलेलं शरीर आपलं काम करत असतं.

खिचडी आणि बर्गर

दुसऱ्या आठवड्यात चतुर्थी आली होती. आईबरोबर त्यांनीही उपास धरला आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली, शेंगदाण्याचं कूट आणि तूप घालून, मोठी वाटीभर आणि वर अजून थोडी. किमान ५०० कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च आणि स्निग्ध. एचबीए१सी ६.१ असलेल्या माणसाच्या साखरेवर याचा परिणाम बर्गरपेक्षा फारसा सौम्य नसतो. वहीत त्या पानावर लाल गोल नव्हता. उलट शेजारी बरोबरची खूण.

याचा अर्थ खिचडी वाईट असा नाही, आणि बर्गर निरुपद्रवी असाही नाही. फास्टफूडमध्ये मीठ, मैदा आणि तळणाचं तेल खूप असतं, तंतू कमी असतात, आणि ३०० मिली कोलामध्ये ३० ग्रॅमहून जास्त, म्हणजे सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली उत्तम. त्या एका कपात तो कोटा संपतो. हे सगळं खरं आहे आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. मुद्दा एवढाच, की त्यांची बोच साखर मोजत नव्हती आणि कॅलरीही मोजत नव्हती. घरचं, देवाचं, आपलं ते शुद्ध आणि बाहेरचं, चैनीचं, एकट्याने खाल्लेलं ते पाप, अशी ती वाटणी होती. अशा मोजमापावर आहार चालवला तर खऱ्या धोक्याकडे लक्षच जात नाही. त्यांच्या आठवड्यातली साखरेच्या दृष्टीने सर्वांत घातक वस्तू कोला होती, आणि ती त्यांना 'बर्गरबरोबर येतेच' म्हणून दिसतही नव्हती.

घरातलं

तिसऱ्या भेटीला पत्नी आल्या. नवऱ्याला पोलिसासारखी आपली भीती वाटते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी रात्री बारापर्यंत जागते ती यांना गरम जेवायला मिळावं म्हणून," त्या म्हणाल्या. शर्टाला तेलाचा वास येतो हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्या बोलत नव्हत्या कारण त्यांना भांडण नको होतं. दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यात रोजचं एक खोटं शिरलं होतं. आईंची गोष्ट निराळी. "अरे, एवढं खाऊन कसलं वजन उतरतंय!" हे वाक्य त्या मायेनेच म्हणायच्या, पण प्रत्येक ताटावर म्हणायच्या. त्यांना यायला जमलं नाही. पत्नींनी घरी जाऊन काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण वाक्य थांबलं.

याच टप्प्यावर मी उलटी काढणं, जुलाबाची औषधं, खाताना ताबा पूर्ण सुटणं याबद्दल विचारलं. हे प्रश्न लाजेमुळे राहून जातात आणि राहता कामा नयेत. पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या. तिसरी कधीकधी होती, म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. थोड्या वेळात बेसुमार खाणं आणि ताबा सुटल्याची भावना आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालली तर त्याला खाण्याचा विकार मानतात आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. यांचं प्रमाण तिथवर गेलं नव्हतं, पण लक्ष ठेवायला सांगितलं. ज्यांना असं कुणाशी बोलायचं आहे आणि कुठे जावं कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. आणखी एक, जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी 'शिक्षा' म्हणून जेवण चुकवणं सरळ धोक्याचं आहे. साखर एकदम खाली जाऊ शकते.

काय बदललं

दिवसाच्या कॅलरी वाढवल्या, १९०० पर्यंत. वजन उतरवायला आलेल्या माणसाला जास्त खा म्हटल्यावर त्याचा विश्वास बसत नाही, यांचाही बसला नाही. सगळ्यात महत्त्वाचा बदल रात्री साडेसातच्या सुट्टीतला डबा : ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, एक अंडं, ताक. घरी आल्यावर मग थोडंसंच, वरण किंवा दूध. नऊ तासांची पोकळी भरली आणि शुक्रवारी पाथर्डी फाट्यावरून गाडी सरळ जायला लागली. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा.

बर्गर बंद केला नाही. तो शनिवारी संध्याकाळी, तिघांनी टेबलावर बसून, जेवणाऐवजी. फ्राईज एकच, तिघांत. कोला नाही, पाणी किंवा घरी येऊन ताक. मुलीला हा बदल सर्वांत जास्त आवडला. आणि एक नियम, ज्यावर मी अडून बसले : काहीही खाल्लं असलं तरी पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीएवढंच. भरपाईचा उपास नाही, भरपाईचं चालणं नाही. चालणं रोजचं, चाळीस मिनिटं, बर्गर असो वा नसो. वजन फक्त गुरुवारी सकाळी.

मिसळीचं त्यांनी स्वतःच ठरवलं. पुढच्या रविवारीही मिळणार आहे हे मनाला पटल्यावर दोन पावांत पोट भरायला लागलं. तर्री कमी, उसळ वाढवून, बरोबर दही. मटकीत प्रथिनं आहेत, तंतू आहेत. मिसळ वाईट नाश्ता नाही, चार पाव आणि जिलेबी तिला जड करतात.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन अर्धा किलो वाढलं. तो काळ कठीण होता. एका रात्री त्यांचा लांब मेसेज आला, की हे सगळं सोडून जुन्या तक्त्यावर जातो. मी फक्त कंबर मोजायला सांगितली. ती एक सेंटीमीटरने कमी झाली होती. थांबले. चौथ्या आठवड्यापासून उतार सुरू झाला, हळूहळू. मध्ये दिवाळी आली. चकली, करंजी, दोन दिवस सुटले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोहे खाल्ले आणि कामावर गेले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोठा दिवस तो होता, कारण शिक्षा न करता दिवस सुरू करणं त्यांनी पहिल्यांदाच, कुणी न सांगता केलं.

पाच महिन्यांनी वजन ८२.५ किलो, कंबर १०४ वरून ९८ सेंटीमीटर, एचबीए१सी ५.८. उंबरठा अजून पूर्ण ओलांडून मागे आलेले नाहीत. औषध चालू नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली आहे.

रात्रपाळीचा आठवडा मात्र अजून सुटलेला नाही. पहाटे तीनला झोप आणि भूक एकत्र येतात, कॅन्टीनमध्ये त्या वेळी तळलेलंच मिळतं, आणि सकाळी घरी पोचल्यावर नाश्ता करून झोपायचं की झोपून उठून खायचं यात रोज गोंधळ होतो. त्या आठवड्यात वजन थांबतं, कधी थोडं वाढतं. सध्या पहाटेसाठी भाजलेले चणे, उकडलेलं अंडं आणि एक फळ असा डबा करून पाहतो आहोत, आणि झोपण्यापूर्वी हलका नाश्ता. मागच्या रात्रपाळीत त्यांनी दोनदा वडापाव खाल्ला. दोन्ही वेळा वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला, पेन निळं होतं, आणि घरी पत्नींना सांगितलंही.